कोकणातल्या नव्या शिक्षकांसाठी: ऑनलाइन प्रशिक्षण आणि मार्गदर्शक, पहिल्या वर्षात काय करावं

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची निवड यादी लागते, समुपदेशनात शाळा मिळते आणि बीड, लातूर, सोलापूरकडचा एखादा नवा शिक्षक देवगड, राजापूर किंवा मंडणगड तालुक्यातल्या वाडीवरच्या शाळेत हजर होतो. पट पंधरा-वीस. शाळा दोन शिक्षकी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे एकाकडे दोन इयत्ता आणि दुसऱ्याकडे तीन. दुसरे गुरुजी बहुधा मुख्याध्यापकाचं कामही बघतात. पोषण आहाराचा तांदूळ, ऑनलाइन माहिती, तालुक्याची बैठक, सगळं त्यांच्याच गळ्यात. मोठ्या शाळेत नव्याला सांगतात, 'जरा शेजारच्या वर्गात बसून बघ.' इथे शेजारचा वर्ग म्हणजे याच खोलीचं दुसरं टोक.

म्हणून ऑनलाइन प्रशिक्षण आणि ऑनलाइन मार्गदर्शक यांची गरज शहरापेक्षा इथे जास्त आहे. पण आमच्या भागात बरेच जण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. आधी कोर्सेस धडाधड पूर्ण करतात, प्रमाणपत्रांची फाइल जाड होते, आणि तिसरीतल्या मुलाला वजाबाकी का येत नाही हा प्रश्न आहे तिथेच राहतो. मी सिंधुदुर्गात शिकवते, नव्या शिक्षकांबरोबर काम करते, आणि प्रत्येकाला एकच क्रम सांगते: आधी माणूस शोधा, मग वर्गातला एक प्रश्न धरा, आणि कोर्स त्या प्रश्नासाठी उघडा.

रुजू झाल्यावर पहिला आठवडा

या आठवड्यात शिकण्याचं काही होत नाही, कागदांचंच होतं. तेवढं नीट उरकून घ्या. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, जात वैधता, डीएलएड किंवा बीएडची गुणपत्रकं, टीईटीचं प्रमाणपत्र, अभियोग्यता चाचणीचं गुणपत्रक: सगळ्याचे स्पष्ट स्कॅन करून फोनमध्ये आणि ईमेलवर दोन्हीकडे ठेवा. झेरॉक्ससाठी तालुक्याला जायचं म्हणजे अर्धी रजा जाते. शालार्थ आयडीसाठी (शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक) कार्यालयातल्या लिपिकाकडे स्वतः जाऊन कागद पोचते करा. मानधन त्यावर अवलंबून आहे. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिक शिक्षण सेवकाला (सुरुवातीच्या तीन वर्षांतल्या नव्या शिक्षकाला) १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयात २०,००० रुपये मानधन आहे. त्याआधी प्राथमिकला ६,००० वर भागवावं लागायचं. घरापासून लांब भाड्याने राहणाऱ्याला पहिलं मानधन उशिरा मिळालं तर काय होतं ते मी जवळून बघितलंय, म्हणून हे प्रशिक्षणाच्या लेखातही लिहिते.

लॉगिन एकच ठेवा

दीक्षा पोर्टल ५ सप्टेंबर २०१७ला सुरू झालं. शासनाचं बहुतेक ऑनलाइन प्रशिक्षण आज तिथूनच चालतं. त्याच्या नोंदणीत घाई झाली की पुढे वर्षभर त्रास होतो.

एक मोबाइल नंबर आणि एक ईमेल ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा. एकदा नंबराने, एकदा गुगलने असं लॉगिन केलं की दोन वेगळी खाती तयार होतात. अर्धा कोर्स एका खात्यात, अर्धा दुसऱ्यात. मग माणूस म्हणतो, 'मी पूर्ण केला होता, दिसत का नाही?' प्रोफाइलमध्ये जे नाव असतं तेच प्रमाणपत्रावर छापून येतं, म्हणून ते नियुक्ती आदेशातल्या नावाप्रमाणे, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट भरा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर सेवापुस्तकात कोणतं नाव जाणार आहे ते आधी ठरवा. मग राज्य, जिल्हा, तालुका आणि शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ने सुरू होतो. तो मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या, कुणाच्या आठवणीवर विसंबू नका. कोर्समध्ये शिरताना 'तुमची माहिती प्रशासनाला द्यायची का' अशी एक चौकट येते, तिथे होकार द्या. नकार दिला तर तुम्ही कोर्स पूर्ण केलात हे जिल्ह्याच्या यादीत नीट दिसत नाही.

आणि लिंक कुठून आली ते बघा. अधिकृत प्रशिक्षणाचं पत्र पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून जिल्ह्याच्या डाएटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे), तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि केंद्रप्रमुखांमार्फत केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतं. पत्र न येता नुसतीच लिंक आली, पैसे मागितले किंवा ओटीपी विचारला, तर थांबा आणि केंद्रप्रमुखांना फोन करा. नव्या शिक्षकांना 'सेवेत कायम होण्यासाठी आवश्यक' असं सांगून खासगी प्रमाणपत्रं विकणारे फोन हमखास येतात. एक रुपयाही देऊ नका.

कोणतं प्रशिक्षण कशासाठी

थोडक्यात सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. निष्ठा हा केंद्र सरकारचा प्रशिक्षण कार्यक्रम २०१९मध्ये समोरासमोर सुरू झाला आणि २०२०पासून दीक्षावर ऑनलाइन आला. त्यातला पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचा भाग पहिली-दुसरीच्या शिक्षकाने आधी घ्यावा. याच पायाभूत कौशल्यांचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ला सुरू झाल्यापासून तपासणीला येणारे अधिकारी पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतात. निष्ठाच्या कोर्समध्ये शेवटच्या चाचणीत ७० टक्के गुण लागतात आणि प्रयत्न तीनच मिळतात. उर्दू माध्यमाच्या शिक्षकांनी, आणि किनाऱ्यालगत आपल्याकडे उर्दू शाळा बऱ्याच आहेत, भाषेच्या यादीत उर्दू आहे का ते आधी बघावं. मराठीतून ओढूनताणून कोर्स करण्याची गरज नसते. 'स्वयं' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स फुकट शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. ते दुसऱ्या वर्षी बघा.

आदेशाने आलेलं प्रशिक्षण आणि आपल्या गरजेचं प्रशिक्षण यांत गल्लत करू नका. पहिलं मुदतीत करायचंच आहे. दुसरं निवडण्यासाठी आधी वर्ग ओळखावा लागतो, आणि त्याला जुलै उजाडतो.

मार्गदर्शक: एक जवळचा, एक लांबचा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच अनुभवी आणि निवृत्त शिक्षकांच्या मदतीने राष्ट्रीय मार्गदर्शन अभियान उभं करण्याची तरतूद आहे, आणि त्याचं काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेकडे आहे. त्यामागचा विचार चांगला आहे: नव्या शिक्षकाला वरिष्ठ नको, जोडीदार हवा. पण वरून कुणी नेमून देईल याची वाट बघत बसलात तर पहिलं सत्र निघून जाईल. माणूस तुम्हीच शोधा.

मला विचाराल तर दोन माणसं हवीत. जवळचा मार्गदर्शक आपल्याच केंद्रातला, शक्यतो याच तालुक्यात वाढलेला. गाव कसं चालतं, शाळा व्यवस्थापन समितीत कुणाचं ऐकतात, पावसात कोणता साकव पाण्याखाली जातो, शिमग्याला वर्गात किती मुलं उरतात, हे त्यालाच माहीत. मुलांची बोलीही. पहिलीतलं पोर 'बाई, माका येणा नाय' म्हणालं तर ते हट्टाने नाही, त्याच्या घरच्या भाषेत बोलतंय. बाहेरून आलेल्या शिक्षकाने पहिल्या महिन्यात जवळच्या मार्गदर्शकासोबत बसून वर्गात रोज लागणारे चाळीस-पन्नास बोलीतले शब्द लिहून घ्यावेत आणि मुलांना त्यांच्या बोलीत उत्तर देऊ द्यावं. पुस्तकी मराठी हळूहळू येते. घाबरलेलं पोर मात्र गप्प बसतं ते बसतंच.

लांबचा मार्गदर्शक ऑनलाइनच भेटणार. तो रायगडचा असेल, नाशिकचा असेल, कुठलाही चालेल, मात्र तुमच्यासारखे बहुवर्ग त्याने स्वतः शिकवलेले असावेत. एकेका इयत्तेला दोन तुकड्या असलेल्या शाळेत जन्म काढलेल्या माणसाला, पहिलीला काम देऊन दुसरीकडे वळायचं आणि चार मिनिटांत परत यायचं म्हणजे काय, हे सांगून कळत नाही. डाएटच्या अधिव्याख्यात्यांना विचारा, प्रशिक्षणात तुम्हाला आवडलेल्या साधनव्यक्तीला विचारा, निवृत्त बाई-गुरुजींना विचारा. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि त्याला कुणी विचारलेलं आवडतं.

एक पथ्य मात्र पाळा. तुमचा गोपनीय अहवाल लिहिणारा, तुमच्या तपासणीला येणारा माणूस मार्गदर्शक म्हणून धरू नका, तो कितीही चांगला असला तरी. 'माझा वर्ग हातातून सुटतोय' हे वाक्य त्याच्यासमोर निघणार नाही, आणि ते निघालं नाही तर मार्गदर्शन सुरूच होत नाही. शिक्षण सेवकाची ३ वर्षं समाधानकारक सेवेच्या शेऱ्यावर उभी असतात, त्यामुळे ही भीती खोटी नाही.

पहिला प्रश्न कसा विचारायचा

'सर, मार्गदर्शन करा' या मेसेजला 'नक्की' एवढंच उत्तर येतं. समोरच्याने दुसरं काय लिहावं? प्रश्नात मुलं दिसली पाहिजेत. गेल्या वर्षी एका नव्या शिक्षिकेने पाठवलेला मेसेज तिला विचारून इथे देते:

'तिसरीत सहा मुलं आहेत. चौघांना हातच्याची वजाबाकी येते. दोघं मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात, मग तो वर असो की खाली. ५२ वजा २७चं उत्तर ३५ देतात. काड्यांचे गठ्ठे दिले की बरोबर करतात, वहीत पुन्हा तेच. उद्या काय करून बघू?'

याला उत्तर देता येतं. मुलं कुठे अडली तेही दिसतं: ५ मधून २ गेले ३, ७ मधून २ गेले ५. गणित त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या उभ्या ओळींचं आहे, ५२ ही एक संख्या म्हणून नाही. मार्गदर्शकाने सुचवलं ते असं. काड्या आणि वही वेगवेगळ्या वेळी नकोत. हिराच्या काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या समोर ठेवायच्या. सातला दोन सुट्या पुरत नाहीत हे मुलानेच म्हणायचं, एक गठ्ठा सोडायचा, आणि सोडला त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ आणि २ खोडून १२ लिहायचे. हात आणि पेन्सिल एकत्र चालली पाहिजेत. उत्तर आलं की जुन्या, चुकलेल्या उत्तराचा उलटा ताळा: २७ आणि ३५ मिळवले तर ६२ होतात, मग आपल्याकडे दहा काड्या जास्त आल्या कुठून? हा शेवटचा प्रश्न मुलांना फार आवडतो.

तिने हे चार दिवस केलं, पाचव्या दिवशी दोघांच्या वह्यांचे फोटो पाठवले. एकाचं जमलं होतं, एकाचं नाही. मग त्या दुसऱ्यासाठी वेगळं बोलणं झालं. तेव्हा कुठे तिने दीक्षावरचा संख्याज्ञानाचा कोर्स उघडला, आणि स्थानिक किमतीचा भाग तिला एका बैठकीत कळला, कारण समोर तो मुलगा होता.

मेसेजमध्ये एवढं असू द्या: इयत्ता आणि मुलं किती, ती नेमकं काय करतात, तुम्ही काय करून बघितलंत, आणि उद्यासाठी एक प्रश्न. मुलांची नावं नकोत. वहीचा फोटो पाठवताना वरचं नाव झाका.

तास ऐकवा

व्हिडिओपेक्षा आवाजाची ध्वनिफीत बरी. पाच मिनिटांची पुरते, कमी नेटवर्कमध्येही जाते आणि मुलांचे चेहरे कुठे फिरत नाहीत. तरीही मुख्याध्यापकांना सांगा आणि पालकांना कल्पना द्या. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला की काही ऐकू येत नाही, तेव्हा उघडीप बघून करा. फोन मुलांच्या बाजूला ठेवा, टेबलावर नको. तुमचा आवाज येणारच असतो, त्यांचा यायला हवा.

मार्गदर्शकाला आधीच सांगा की फक्त एका गोष्टीकडे कान द्या. पहिल्या वेळी मी सुचवते ती गोष्ट म्हणजे प्रश्नानंतरची शांतता. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. ती थांबण्याची वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, आपणहून बोलणारी मुलं वाढली आणि 'माहीत नाही' कमी झालं. आपल्या ध्वनिफितीत हे मोजून बघा. घरची बोली एक आणि वर्गाची भाषा दुसरी असलेल्या मुलाला उत्तर सापडायला वेळ लागतो, शब्द सापडायला आणखी वेळ लागतो. ही एक सवय पहिल्या सत्रात लागली तरी मी म्हणेन की ऑनलाइन मार्गदर्शनाने काम केलं.

नेटवर्क, वीज आणि पाऊस

खाडीकाठच्या आणि दरीतल्या वाड्यांवर सिग्नल येत नाही, सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) येतो. कोणत्या वळणावर, कोणत्या कातळावर दोन कांड्या येतात हे गावातल्या पोरांना विचारा. दीक्षाचं अ‍ॅप फोनवर घेतलं असेल तर आठवडी बाजाराला किंवा बैठकीला तालुक्याला गेलात की कोर्सचे भाग आधीच उतरवून ठेवा. घरी नेटशिवाय बघता येतात आणि रेंजमध्ये आलात की प्रगती वर चढते. टक्केवारी लगेच वाढली नाही म्हणून घाबरू नका, तिला वेळ लागतो. शेवटची चाचणी मात्र पक्क्या नेटवरच द्या.

मुदतीचे शेवटचे तीन दिवस हिशेबात धरूच नका. सगळा महाराष्ट्र तेव्हाच लॉगिन करत असतो. जूनच्या पहिल्या वादळी पावसात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून पॉवर बँक भरलेली हवी. गणपतीत चाकरमानी आले की गावातलं नेट रेंगाळतं, तेव्हा त्या आठवड्यात कोर्स लावून घेऊ नका. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने ये-जा करणाऱ्यांनी तो वेळ ध्वनिफीत ऐकायला ठेवावा, तेवढा निवांतपणा दिवसात पुन्हा मिळत नाही.

बोलण्याची वेळ ठरलेली असावी. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपार मोकळी. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास पुरे. एकट्या राहणाऱ्या शिक्षिकांना खास सांगते: फोनची वेळ तुम्ही ठरवा, रात्री उशिराचे फोन आणि वर्गाबाहेरच्या गप्पा मार्गदर्शनात येत नाहीत. तसं काही होऊ लागलं तर कारण देत बसू नका, तो मार्गदर्शक सोडा आणि केंद्रातल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंना लगेच सांगा.

बदली, थकलेलं मानधन, गावातला वाद हे प्रश्न मार्गदर्शकाच्या हातातले नसतात. ते मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी या वाटेने आणि लेखी न्या.

नोंदी

प्रत्येक प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी पीडीएफ उतरवून घ्या आणि शाळेच्या प्रशिक्षण नोंदवहीत तारीख व तास लिहा. सेवापुस्तकात नोंद आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. मार्चच्या घाईआधी, जानेवारी-फेब्रुवारीत कार्यालयात जाऊन नोंद झाली का ते डोळ्यांनी बघा. मार्गदर्शकाबरोबरच्या बोलण्यासाठी एक साधी वही पुरते: तारीख, प्रश्न, काय केलं, मुलांचं काय झालं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोलायची वेळ आली की हीच वही उघडा. तिथे वाचून दाखवलेल्या परिपत्रकापेक्षा त्या ५२ वजा २७कडे सगळे जास्त लक्ष देतील.

बदली झाली तर

कोकणात आंतरजिल्हा बदलीने शिक्षक जातात, आणि घरापासून चारशे-पाचशे किलोमीटरवर नोकरी करणाऱ्याला त्यासाठी कुणी नावं ठेवू नयेत. पण तुम्ही निघालात की त्या वाडीवरच्या मुलांची सुरुवात पुन्हा शून्यातून होते. ती होऊ नये म्हणून कार्यमुक्त होण्याआधी प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहा: वाचन कुठवर आलं, गणितात काय अडतं, घरी कोणती बोली, कशाने खुलतं. तो कागद मुख्याध्यापकांकडे द्या. तुमच्या जागी कोण येतंय ते कळलं की त्याचा नंबर मागून घ्या आणि तो रुजू व्हायच्या आधीच फोन करा. तुमचा लांबचा मार्गदर्शक तयार असेल तर त्याचीही ओळख करून द्या, म्हणजे नव्याचा जून वाया जाणार नाही.